पांढरी पट्टी

दुसऱ्याच्या अंगावरच्या फोडांचा हेवा वाटावा, अशी वेळ सहसा कुणावर येत नाही. सुचिता गवसवर ती आली, आणि आली तीही सगळ्या शेडच्या देखत.

शेड होती काजू फॅक्टरीची, दोडामार्गाच्या अलीकडे. तिथे चाळीसेक बायका कटरवर बसून काजू फोडत. त्या दिवशी सकाळपासून सरकारची तपासणीची गाडी अंगणात उभी होती. एकेक बाई आत जायची, डाव्या हाताला पट्टी चिकटवून बाहेर यायची आणि बाकावर बसून पट्टीकडे बघत राहायची. पट्टी पांढरी राहिली तर काही नाही. निळी झाली, तर तिच्या हाताचं दुखणं कामामुळेच आलं हे कायद्याला मान्य. मग मालकाने तिला फोडणीवरून, म्हणजे कटरवरून, उठवून निवडणीच्या हॉलमध्ये बसवायचं, औषधपाणी बघायचं आणि कामावरून काढायचं नाही.

सुचिताची पट्टी पांढरी राहिली. तिच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या रेश्माची पट्टी आधी फिकट आकाशी झाली आणि मग बघता बघता शाईसारखी निळी.

रेश्मा तिची धाकटी जाऊ. फॅक्टरीत लागून तिला जेमतेम तिसरा हंगाम. तिला कटरवर बसायला शिकवलं कुणी, तर सुचिताने. बी कशी धरायची, पायाने पेडल कधी दाबायचं, बोट पात्याखाली जाऊ नये म्हणून मनगट कसं वळवायचं, सगळं सुचिताने. आणि आता बायका गोळा झाल्या त्या रेश्माभोवती. कुणी तिचा हात हातात घेऊन फोड बघत होतं, कुणी पाठीवरून हात फिरवत होतं. "सुटलंस गो बाय," कुणीतरी म्हणालं. सुचिता ताडकन उठली आणि गाडीत शिरली.

"माझी पट्टी परत लावा," ती म्हणाली. "हेच्यात कायतरी चुकला आसा."

गाडीतल्या डॉक्टर समिधा खरात त्वचारोगाच्या तज्ज्ञ. घाटावरच्या, सडेतोड, पण बोलण्यात गोडवा असलेल्या. त्यांनी दुसरी पट्टी लावली. तीही पांढरीच राहिली.

"हात बघा माझे!" सुचिताने दोन्ही पंजे टेबलावर आपटले. "हे काय घरात बसान झाले?"

हात बघण्यासारखेच होते. बोटांची टोकं कोळशासारखी काळी, पेरापेरांत भेगा, नखांच्या कडा खाल्लेल्या. बोटांचे ठसे तर केव्हाच पुसून गेलेले. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून दर महिन्याला नवऱ्याला, उदयला, सोबत न्यावं लागे.

"तुमचे हात रेश्माच्या हातांपेक्षा वाईट आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "ते मला दिसतंय. पण यंत्राला दिसत नाही. तुमचा हात भाजलाय. रेश्माच्या हाताने वैर धरलंय. या यंत्राला फक्त वैर कळतं."

यात खोटं काही नव्हतं. काजूच्या टरफलात एक काळपट, दाट तेल असतं. ते कातडीला लागलं की दोन प्रकार होतात. एक तर ते सरळ भाजतं, रोज थोडं थोडं. साल जाते, भेगा पडतात, कातडी जाड आणि काळी होते. हे सगळ्यांचंच होतं. दुसरा प्रकार काहींच्याच वाट्याला येतो. त्यांच्या कातडीतल्या पहारेकरी पेशी त्या तेलाची ओळख लक्षात ठेवतात. या पेशी रक्तातल्या पेशींसारख्या येऊन जाऊन नसतात, एकाच जागी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून बसतात. तेच तेल पुन्हा दिसलं की त्या हलकल्लोळ माजवतात, आणि मग खाज, सूज, फोड. पट्टीला डासाच्या सोंडेहूनही बारीक सुया होत्या. त्या कातडीत तेलाचा कणभर अंश सोडत आणि पेशी काय करतात ते टिपत. पेशींनी ओळख दाखवली की पट्टी निळी. शिवाय पेशींच्या जनुकांवर वयाप्रमाणे काही रासायनिक खुणा साचत जातात, त्या वाचून ही ओळख किती जुनी, कोणत्या जागेची, तेही यंत्र सांगे.

हे यंत्र येण्याआधी हात कामाने बिघडला हे सिद्ध करणं म्हणजे डोकं फोडून घेणं होतं. मालक म्हणत, घरच्या भांड्यांच्या साबणाने झालं असेल. यंत्र आलं आणि कातडीच साक्ष देऊ लागली. न्यायालयांनी ती साक्ष मानली, सरकारने घाईघाईने कायदा केला आणि तिथेच पाय घसरला. जिची कातडी बोलते ती आजारी, आणि जिची कातडी गप्प ती ठणठणीत, असं कायद्यात लिहून ठेवलं. भाजणं म्हणजे काय, हे कायद्याला ठाऊकच नव्हतं.

"मी वर लिहून पाठवलंय," डॉक्टर म्हणाल्या. "कायदा बदलायला हवा. तुमच्या हातांचे फोटो आणि ही पांढरी पट्टी पुरावा म्हणून वापरू का?"

"वापरा," सुचिता म्हणाली. तिचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तिथे रेश्मा हसत होती.

"आणि एक विचारायचं राहिलं. सगळ्यांनाच विचारते. अलीकडे अंगाला कुठे बिब्बा लावलाय का? काजू, आंबा, बिब्बा, सगळे एकाच कुळातले. कातडीने एकाशी वैर धरलं की ती बाकीच्यांनाही शत्रू समजते. बिब्ब्यानेसुद्धा पट्टी निळी होऊ शकते."

"नाय," सुचिता म्हणाली, आणि तेव्हा ती खरं बोलत होती.

डॉक्टरांनी विचारलं ते काळजीपोटी. पण त्यांनी विचारलं नसतं तर पुढचं काहीच सुचिताच्या डोक्यात आलं नसतं.

*

निवडणीचा हॉल शेडच्या समोरच होता. मोठ्या काचा, डोक्यावर पंखे, पांढरे एप्रन, पांढऱ्या टोप्या. पांढऱ्याशुभ्र गरांतून तुकडा वेगळा, अख्खा वेगळा. सुचिता कटरवर बसली की नेमकी रेश्मा तिच्या डोळ्यांसमोर येई. पहिल्या दिवसापासून तिने ठरवलं की तिकडे बघायचं नाही, आणि पहिल्या दिवसापासून ती तिकडेच बघत होती.

रेश्माचे हात बरे होत गेले. फोड सुकले, खपल्या पडल्या, खालून गुलाबी कातडी आली. तिने नव्या हिरव्या बांगड्या भरल्या. तालुक्याच्या पेपरात तिचा फोटो आला, 'कातडीच्या साक्षीने मिळाला न्याय' अशा मथळ्याखाली.

"रेश्माचो फोटो इलो पेपरात. बघितलंस?" उदयने जेवताना विचारलं.

"माका कशाक व्हयो तो?" सुचिता म्हणाली आणि त्याच्या ताटात भात इतका वाढला की त्याने हात आडवा धरला.

दोन्ही भावांचं बिऱ्हाड एक, चूल एक. आता घरच्या काजूबिया भाजण्याचं कामही सुचिताकडे आलं, कारण रेश्माने टरफलाला हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आंब्याचा चीक लागतो म्हणून लोणच्याच्या कैऱ्या चिरणंही सुचिताकडे. रेश्मा बिचारी बाजूला बसून मीठ मोजायची. 'बिचारी' हा शब्द घरातला प्रत्येकजण वापरी, आणि दर वेळी सुचिताच्या अंगाचा तिळपापड होई. मोलकरणीसारखे हात आपले, आणि बिचारी ती!

"वयनी, तुमचा नशीब बरा," एकदा रेश्मा मनापासून म्हणाली. "ती खाज म्हणजे काय ती माकाच म्हायत. तुमच्या कातडीक काय्येक होणा नाय."

"होय तर. गेंड्याची कातडी माझी," सुचिता म्हणाली.

रेश्माचा चेहरा पडला. तो पडलेला बघून सुचिताला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. पण राग टिकला नाही. हेवा टिकला.

फॅक्टरीने सगळ्यांना जाड हातमोजे दिले होते, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ते घालून बी निसटायची आणि मजुरी किलोवर, म्हणून बायका ते मांडीवर ठेवत आणि साहेब आले की चढवत. सुचिता तर तेही करत नसे. आपले हात आणखी बिघडले तर बरंच, असं तिला वाटू लागलं होतं.

गणपती होऊन गेले आणि मॅनेजरने शेडमध्ये येऊन सांगितलं, की पुढच्या हंगामाला फोडणीची दोन स्वयंचलित यंत्रं येणार. आपोआप बी धरणारी, आपोआप फोडणारी. चाळीस बायकांचं काम ती करणार. ज्यांना दुखण्याची मान्यता मिळालेली आहे त्यांना कायद्याने काढता येत नाही. बाकीच्यांचं बघू, असं तो म्हणाला, आणि 'बघू' म्हणजे काय ते शेडमधल्या प्रत्येकीला कळलं.

त्याआधी तपासणीची गाडी एकदा येणार होती. एकदाच.

*

बाजाराच्या दिवशी सुचिता काष्ठौषधीच्या दुकानात गेली आणि टाचेच्या भेगांसाठी म्हणून मूठभर बिब्बे घेऊन आली. दुकानदाराने काही विचारलं नाही. त्या भागात बिब्बा म्हणजे घरचंच औषध. पाय मुरगळला, लाव बिब्बा. टाच फुटली, लाव बिब्बा. सुचिताच्या मनात होतं ते एवढंच, की पट्टीपुरतं लावायचं, एकदा निळी झाली की विषय संपला. अंगाला लावलेलं औषध जसं काही दिवसांनी उतरतं, तसंच हेही उतरेल. इथेच तिचं चुकलं. कातडी काय विसरते आणि काय नाही, हे डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं होतं. पण सांगत होत्या तेव्हा ती खिडकीतून रेश्माकडे बघत होती.

कामावर खाडा करून, रेश्मा फॅक्टरीत आणि पुरुष बाहेर असताना तिने गोठ्यामागे बसून बिब्बा दिव्यावर गरम केला, सुई टोचली आणि सुईच्या टोकावर आलेलं काळं तेल डाव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत टेकवलं. भाजल्यासारखं झालं. डाग पडले, पण त्या हातावर आणखी चार काळे डाग कुणाला दिसणार? दोन आठवड्यांनी तिने पुन्हा लावलं. त्यानंतर पुन्हा.

तिसऱ्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला डोळे उघडता येईनात. पापण्या सुजून गच्च झाल्या होत्या. डावा हात कोपरापर्यंत फुगलेला, बेचक्यांत पाण्याचे टपोरे फोड, मानेवर चट्टे. आणि खाज. ही खाज म्हणजे कातडीच्या खाली कुणीतरी निखारे फिरवावेत तशी होती. सुचिताने आयुष्यभर भाजलेले हात सहन केले होते, पण हे सहन होईना. ती भिंतीवर हात घासू लागली.

रेश्माने तिचे हात धरले. थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, स्वतःचं मलम तिला लावलं, रजा टाकली. "वयनी, खाजवू नकात. थोडा सोसा," म्हणत दिवसभर फुंकर घालत बसली.

सुचिताला ती फुंकर हवी होती आणि ती रेश्माची आहे हे नको होतं. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिला दिसत होते ते रेश्माचे हात, गुलाबी, गुळगुळीत, बांगड्या भरलेले.

संध्याकाळी जरा बरं वाटल्यावर ती गोठ्यामागे गेली. लाकडांच्या ढिगाखाली लपवलेले बिब्बे तिथे नव्हते. सुईही नव्हती. बाजूला नुकती उकरून बुजवलेली माती होती. ती घरात परतली तेव्हा रेश्मा न्हाणीघराशी नखांतली माती काढत होती. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. रेश्माने हात धुतले आणि ती चुलीकडे वळली.

तेव्हापासून हेव्यात भीतीही मिसळली. ज्या बाईचा आपण सर्वांत जास्त द्वेष करतो, तिच्याच मुठीत आपली शेंडी आहे, हे काही सुखाचं नव्हतं.

*

गाडी आली. सुचिताने डावा हात पुढे केला. पट्टी निळी झाली, रेश्माच्याहूनही गडद.

तिला वाटलं होतं, डॉक्टर खूश होतील. डॉक्टर मात्र पट्टीकडे बघतच राहिल्या.

"बिब्बा लावला होता?"

"नाय."

"नक्की?"

"नाय म्हटला ना!"

डॉक्टर खुर्चीवर मागे टेकल्या. "पुढच्या महिन्यात सावंतवाडीत सुनावणी आहे. पट्टी पांढरी असूनही हात कामानेच बिघडू शकतो, हे मला तिथे दाखवायचंय. मी निवडलेला पुरावा म्हणजे तुम्ही. इतकी वर्षं काम, असे हात आणि तरी पांढरी पट्टी. आता मालकांचे वकील म्हणतील, बघा, खरं दुखणं असेल तर पट्टी आज ना उद्या निळी होतेच. मग बाकीच्या पांढऱ्या पट्ट्यांना कोण विचारणार?"

बाकीच्या म्हणजे शेडमधल्या सगळ्या. त्या दिवशी सुचिता सोडून एकीचीही पट्टी निळी झाली नव्हती.

सुचिताने पदराखाली पट्टी झाकली आणि ती गाडीतून उतरली. आठवड्याभरात तिला पांढरा एप्रन मिळाला आणि हॉलमध्ये रेश्माच्या शेजारची जागा. काचेपलीकडे शेडमधल्या बायका दिसत होत्या. त्यांच्यापैकी कुणी हात केला तर ती बघत नसे.

पण हॉलही तिला लाभेना. गराला चिकटून आलेली टरफलाची धूळ नाकाला कळतही नाही इतकी बारीक. रेश्माला ती बाधत नव्हती. सुचिताच्या कातडीला मात्र बिब्ब्याने असं काही शिकवलं होतं की ती धुळीलाही ओळखू लागली. मान लाल, कानामागे फोड. घरी कैरी चिरली तर ओठ सुजायचे. अंगणातल्या काजूच्या झाडाखालून जातानाही ती पदर नाकाला लावी. आणि शेजारी बसून रेश्मा, खुशाल, गुणगुणत गर निवडायची. जिच्या बरोबरीला येण्यासाठी एवढं केलं, ती पुन्हा एक पायरी वरच!

*

सुनावणीला फॅक्टरीतल्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. हॉल सरकारी, खुर्च्या प्लास्टिकच्या. समोर कामगार न्यायाधिकारी, वयस्कर, शांत गृहस्थ. एका बाजूला मालकांचे वकील, दुसऱ्या बाजूला डॉक्टर खरात. सुचिता पहिल्या रांगेत, आणि तिच्या मागच्या रांगेत कडेला रेश्मा.

वकिलाने थोडक्यात काम आटोपलं. "डॉक्टरबाईंच्या मते भाजलेल्या हातालाही मान्यता हवी. त्यांचा पुरावा होत्या सुचिता गवस. आता त्याच सुचिता गवस यांची पट्टी निळी आहे. यंत्र आंधळं नाही, साहेब. त्याला थोडा वेळ लागला, इतकंच. उरलेल्या महिलांच्या त्वचेला काही झालेलं असेल तर यंत्र तेही सांगेल. तोवर कायदा बदलण्याचं कारण काय?"

अधिकाऱ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं.

"माझ्याकडे सिद्ध करता येईल असं काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला होता.

"हजर असलेल्या कुणाला काही सांगायचंय?"

मागे प्लास्टिकची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सुचिताने वळून बघितलं. रेश्मा उठून उभी राहत होती.

त्या एका क्षणात सुचिताला पुढचं सगळं दिसलं. रेश्मा सांगणार. बिब्बे कुठे सापडले, कुठे पुरले, सगळं. बायका तिला मिठ्या मारणार. डॉक्टर तिचे हात हातात घेणार. उद्या पेपरात पुन्हा तिचाच फोटो, 'घरच्या माणसाविरुद्ध सत्याची साथ' असा काहीतरी मथळा, आणि उदय जेवताना विचारणार, बघितलंस? फोड तिचे, हॉल तिचा, बांगड्या तिच्या. आता खरं बोलण्याचा मानही तिचाच? आपली नोकरी जाईल, तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे सगळं तिला कळत होतं. पण त्या घटकेला तिला सहन झालं नाही ते फक्त हा मान रेश्माला जाणं.

"खाली बस गो!" ती ओरडली. "माझा मी सांगतंय!"

सगळा हॉल तिच्याकडे बघू लागला. रेश्मा जागच्या जागी थिजली आणि मग खुर्चीवर बसली.

"साहेबानू, माझी पट्टी निळी झाली ती काजून नाय. बिब्ब्यान. मीच लावलो बिब्बो, माझ्या हातान, सुयेन टोचून. डॉक्टरीणबाईंनी दोनदा इचारल्यानी आणि मी खोटा सांगितलंय."

"का केलंत असं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"हिची पट्टी निळी झाली," तिने मागे न बघता बोट दाखवलं, "आणि माझी नाय झाली. तिका शिकवलंय मी. हयात गेली माझी त्या कटरार. तिच्या हातार फोड इले म्हणान तिका मान, आणि माझ्या हाताची कातडी गेली तरी माका काय झाला नाय म्हणतत. माझ्या पोटात दुखला. आणखी काय कारण नाय."

वकील उभे राहिले. "साहेब, ही बाई आता वाटेल ते सांगेल. पुरावा काय?"

"पुरावा तिच्या उजव्या हातावर आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज परत वर आला होता. त्यांनी पेटी उघडली. "फोडणीचं तेल दोन्ही हातांना लागतं. बिब्बा लावला तो डाव्या हाताला. आजवर मी नेहमीप्रमाणे डावाच तपासला."

उजव्या हाताला पट्टी लावली. सगळे वाट बघत बसले. पट्टीवर नावापुरता फिका निळा उतरला, आणि यंत्राने त्याचं वय वाचलं ते निवडणीच्या हॉलमध्ये बसायला लागल्यानंतरचं. डाव्या हाताच्या बेचक्यांतली ओळख बिब्ब्याच्या पहिल्या खेपेची. त्याआधीची इतकी वर्षं, दोन्ही हातांवर, कातडी गप्प होती. आणि तरी ते हात तसे होते. अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ते हात स्वतः जवळून बघितले. ठसे नसलेली बोटं त्यांनी एकेक करून उलटून बघितली.

*

सुचिताची मान्यता रद्द झाली. स्वतःहून ओढवून घेतलेल्या दुखण्याला कायदा मान्यता देत नाही, आणि त्यात अधिकाऱ्यांचं काही चुकलं नाही. पण त्यांच्या निकालावरून नियम बदलला. हात कामाने भाजला असेल, तर यंत्र काही का म्हणेना, डॉक्टरांनी हात पाहून दिलेला दाखला पुरे. मालकाने हाताच्या मापाचे, बी निसटू न देणारे पातळ हातमोजे द्यायचे आणि हात बिघडण्याआधीच काम बदलून द्यायचं, अशीही अट आली. फोडणीची यंत्रं आली तेव्हा शेडमधल्या उरलेल्या सगळ्या जणींना मान्यता होती. त्यांतल्या काही यंत्रांवर गेल्या, बाकीच्यांसाठी हॉल वाढवावा लागला.

सुचिता फॅक्टरीच्या फाटकाच्या आत जाऊ शकत नव्हती. तिला कुणी अडवलं नव्हतं, तिच्या कातडीने अडवलं होतं. ती आता गावच्या शाळेत पोरांचा भात रांधते.

नव्या हॉलच्या पहिल्या दिवशी ती शाळेतून परतताना फाटकासमोर थांबली. पदर नाकाला लावून. काचेतून पांढऱ्या टोप्या दिसत होत्या, रांगच्या रांग. आजवर हेवा करायला एकटी रेश्मा होती, आता चाळीस जणी होत्या. एकीने तिला बघून हात केला आणि मग सगळ्यांनीच केला. सुचितानेही केला. तिला रडू येत होतं की राग, हे तिला ठरवता आलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत रेश्मा बाहेर आली. आपल्या अंगावरची धूळ सुचिताला लागू नये म्हणून चार हात लांबच उभी राहिली.

"वयनी, उन्हात कित्याक उभी ऱ्हवलास?"

"रेश्मा, एक इचारू?" इतके महिने जे विचारायचं तिने टाळलं होतं, ते तोंडातून निघालंच. "त्या दिवशी सावंतवाडीक तू काय सांगूक उठलं हुतंस?"

रेश्मा गोंधळली. "मी? काय नाय. मी काय सांगणार नाय हुतंय."

"मगे उठलंस कित्याक?"

"पाय बधिर झालेलो माझो. तासभर त्या खुर्चेर बसान." रेश्मा खाली बघत म्हणाली. "तुमचा मी कधी कोणाक सांगलंय नसतंय, वयनी. घरचा आसा ता."

पाय बधिर झाला नसता तर? सुचिता आज आत असती, निदान कागदावर तरी असती, आणि या चाळीस जणी घरी बसल्या असत्या, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की पदर नाकावरून सुटला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"हसतास काय?" रेश्माही उगाच हसू लागली.

"काय नाय. जा तू. घंटा झाली बघ."

रेश्मा आत गेली. जाता जाता तिने टोपी नीट केली आणि हिरव्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या. सुचिताला तिचा हेवा वाटला, अगदी पहिल्या दिवसाइतका. तो हेवा मनभर वाटू देत ती फाटकाशी थोडा वेळ उभी राहिली, आणि मग मान खाजू लागली तशी घराकडे चालू लागली.